लष्करी अळीची पाहणी: नवख्यांसाठी

सापळे आणि संख्याशास्त्र सध्या राहू द्या. पहिल्या हंगामात मका खाणारी ही अळी ओळखता आली आणि नोंद नीट झाली, तरी भरपूर झालं.

डोक्यावरच्या उलट्या वाय अक्षरासारख्या खुणेवर सगळे भाळतात, पण ती एकटी पुरेशी नाही. शेपटीजवळ चौकोनात बसलेले चार काळे ठिपकेही बघा. लहान अळीत दोन्ही खुणा धूसर असतात, म्हणून भिंग हवंच. मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, हलक्या हाताने उलगडा; आत ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की अळी जवळपासच असणार. पानावरचे खरवडलेले पारदर्शक डाग म्हणजे अळ्या अजून कोवळ्या आहेत.

नवे लोक हमखास इथे चुकतात:

- बांधालगतचीच झाडं पाहतात. नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी सलग दहा झाडं घ्या.
- किडलेली तेवढीच मोजतात. निरोगी झाडांचा आकडा नसेल तर टक्केवारी काढणार कशी?
- घरी जाऊन आठवून लिहितात. हे तर करूच नका.

ओळख पटत नसलेली अळी 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई विरघळते.