कालव्याकाठची सायकलसफर

प्रश्न : मोटारींची वर्दळ टाळून तळी आणि कालव्यांच्या शांत परिसरात चार दिवस सायकलने फिरायचे आहे, परंतु चढ झेपत नाहीत. वाट कशी निवडावी?

उत्तर : जुन्या नौकाकालव्याची काठवाट निवडावी. पूर्वी या वाटेवरून घोडे नावा ओढत असत. शिवाय पाण्याची पातळी बदलणाऱ्या दोन दरवाजांमधले पाणी एकाच पातळीत राहत असल्याने चढ लागतो तो बहुधा दरवाजांपाशीच, आणि तोही मोजकाच. फ्रान्समधील १६८१ साली खुला झालेला, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा ‘कनाल द्यू मिदी’ याच जातीचा आहे. तेथेही मातीच्या टप्प्यांवर झाडांची मुळे चाकाला धक्के देतात, म्हणून बारीक टायर टाळावेत. तळ्याकाठी संध्याकाळी चिलटांचे थवे उठतात. तेव्हा चष्मा घालावा, आणि गप्पा आवरत्या घ्याव्यात हे बरे!