उद्यम नोंदणी असली की महापालिकेच्या टेंडरमध्ये लघुउद्योगाला प्राधान्य मिळतं का?

तुमचं नाशिकला सातपूर एमआयडीसीत छोटं युनिट आहे, उद्यम सर्टिफिकेट (केंद्राची लघुउद्योग नोंदणी) आहे, तर पालिकेच्या टेंडरमध्ये 25 टक्के राखीव मिळतं का, असं विचारलंय. माझं नाशिकच्याच अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यामुळे राहवलं नाही.

ते 25 टक्के केंद्राचे. लघुउद्योगांकडून खरेदी करण्याचा 2012 चा आदेश केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांच्यावर बंधनकारक आहे; तेव्हा 20 टक्के होते, 2018 मध्ये 25 केले, त्यातले 3 टक्के महिलांच्या युनिटसाठी (आता किती वहिनी अचानक प्रोप्रायटर झाल्या ते अंबडमध्ये एक फेरी मारली की कळतं). म्हणजे माल ओझरच्या एचएएलला (विमान कारखान्याला) किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसला जाणार असेल तर बयाणा माफ, टेंडर फी माफ. शिवाय एल वन (सगळ्यात कमी दराचा) कुणी मोठा निघाला आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत असला, तर त्याच्या दराला उतरून चौथा हिस्सा माल तुम्ही देऊ शकता. राजीव गांधी भवनात, म्हणजे नाशिक महापालिकेत मात्र या आदेशाचा उपयोग नाही. तिथे राज्याचे खरेदीचे नियम. उद्योग विभागाचा 1 डिसेंबर 2016 चा शासन निर्णय एकदा वाचून काढा, आणि मग त्या त्या निविदेच्या अटी.

पण बयाण्याची माफी हा सगळ्यात फुसका फायदा आहे. बयाणा माणूस कसाही उभा करतो. लहान उद्योजक बाद होतो तो पात्रतेच्या अटीत.

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेचं (नाशिक नव्हे, नाव राहू दे) शाळेच्या बाकांचं टेंडर निघालं. ड्युअल डेस्क म्हणजे आमचं रोजचं काम: चौकोनी पाइप, वेल्डिंग, पावडर कोटिंग, वर प्लायची फळी. कागद उघडून बघतो तर बाकांबरोबर खडूने लिहायचे फळे, कपाटं, संगणक, प्रोजेक्टर, सगळं एकाच गाठोड्यात. त्यामुळे रक्कम फुगली, रक्कम फुगली म्हणून उलाढालीची अट फुगली, आणि वर ‘असा एकत्रित पुरवठा पूर्वी केल्याचा दाखला’. बाक बनवणारा माणूस त्यात बसूच शकत नव्हता. प्री-बिडला (टेंडर भरण्याआधीच्या बैठकीला) जाऊन म्हटलं, साहेब, बाक वेगळे काढा. साहेबांनी मान डोलावली. शुद्धीपत्रक आलं, त्यात फक्त तारीख वाढवली होती.

काम गेलं एका ट्रेडरकडे. त्याच्याकडे साधं ड्रिल मशीन नाही. थोड्याच दिवसांत त्याचा माणूस माझ्याच शेडमध्ये हजर! दर असा, की पावडर कोटिंगवाल्याचे पैसे देऊन जेमतेम मजुरी सुटावी. घेतलं काम, शेड बंद ठेवून पोरांचे पगार कुठून देणार? गाडी भरायच्या दिवशी तो स्टिकरचं बंडल घेऊन आला आणि माझीच पोरं एकेका बाकाच्या फळीखाली त्याच्या फर्मचं नाव चिकटवत बसली. एक स्टिकर उलटं लागलं, तर ते नखाने खरवडून परत लावायला लावलं बेट्याने.

आमचे दाजी अजून म्हणतात, “अरे, काम मिळालं ना तुला? पैसे आले ना? मग नाव कुणाचं का असेना!” दाजींचं होलसेलचं दुकान, त्यांचं बरोबरच आहे त्यांच्या जागी. पण दाजी, पैसे आले ते उशिरा आणि कापून आले, आणि पुरवठ्याचा दाखला गेला त्याच्या नावावर. पुढच्या टेंडरला तो अनुभवी आणि ज्याने बाक वेल्ड केला तो अपात्र. हे वर्षानुवर्षं असंच फिरत राहतं. म्हणून माझं मत: टक्के वाढवण्याआधी गाठोडी सोडा, प्रत्येक वस्तूचं टेंडर वेगळं काढा. आणि ट्रेडरला लघुउद्योग म्हणून प्राधान्य देऊच नये. केंद्राच्या खरेदी धोरणातही ते नाही. 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. दाजींना हे सर्टिफिकेट काढून आल्यावर कळलं, तेव्हापासून त्यांच्या मते धोरणच चुकीचं आहे.

आणि ‘लघु’ तरी कोण? 1 एप्रिल 2025 पासून उलाढालीची मर्यादा 100 कोटी. 100 कोटीवाला आणि मी एकाच रांगेत.

तुम्ही आधी एचएएल, प्रेस अशा ठिकाणच्या छोट्या ऑर्डरी स्वतःच्या नावावर करा, दाखले जमतील. दुसऱ्याच्या हाताखाली काम घ्यावंच लागलं तर माल पाठवल्याचं चलन आणि बिल तुमच्या नावाचं ठेवा, आणि माल तुम्ही बनवल्याचं पत्र आगाऊ ठरवून घ्या. उद्यम ऑर्डरच्या आधीचं असू द्या, मागाहून काढलेल्याचे वाद कोर्टापर्यंत गेलेत. 45 दिवसांत पैसे नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्यात आहे, सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. फक्त ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्यावर केस कोण टाकतो, हे तुम्हीच बघा.

हे सगळं मालपुरवठ्याचं झालं. बांधकामाच्या ठेक्यांना 2012 चा आदेश लागत नाही. तिथे झेडपी आणि बांधकाम खात्यात छोट्या कामांचं ठरलेल्या टक्क्यांनी वाटप असतं: बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि खुले. तुमचं काम त्यातलं असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा. आणि एकत्र टेंडर दर वेळी लबाडीच असते असंही नाही. संगणक आणि त्यांची देखभाल एकाकडे असलेली बरी. पण बाक आणि प्रोजेक्टर?

सिंहस्थामुळे आता टेंडरं भराभर निघतील. महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर) प्री-बिडची तारीख बघून आपला आक्षेप आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.