नाइट ड्युटी करणाऱ्या मुलीस

चि. सिस्टर,
अनेक आशीर्वाद.

नाइट संपवून घरी येतेस तेव्हा अंग मोडून आलेलं असतं, पण डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर मॉनिटरचा आवाज कानात वाजतो आणि दचकून उठतेस, असं लिहिलं आहेस. म्हणून मोबाइलवर माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, लावतेस आणि झोप येतेय का ते बघत पडतेस. गाडं अडतंय ते नेमकं इथे.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात याच माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या पाऊण तासाच्या बॉडी स्कॅनमध्ये पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं असतं, आणि तेही जागं राहून. झोप लागली तर लागली. (शवासन केलेल्यांना यात फारसं नवीन वाटणार नाही.) झोप आणण्यासाठी म्हणून करायला गेलीस, की तीच एक ड्युटी होऊन बसते.

वॉर्डात तुला पाऊण तास कोण देणार? पण प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हँडरब, म्हणजे स्पिरिटचं द्रावण हातांना चोळणं, करतेसच. नीट केलं तर त्याला २० ते ३० सेकंद लागतात. तेवढा वेळ फक्त हातांकडे लक्ष दे. तळव्याला लागणारा गारवा, स्पिरिटचा वास, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. मन पाच नंबरच्या बेडकडे धावेल, धावू दे. परत हातांवर आण. इंजेक्शन भरताना मात्र श्वास बघत बसू नकोस. तेव्हा अँप्युलवरचं नाव, डोस, एक्सपायरी, एवढंच.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, मनात घोळणारं सगळं सांगून टाक. तरी घरी आल्यावर ‘इन्सुलिनची सही राहिली का?’ वाटलं, तर एकदा वॉर्डला फोन कर आणि विषय संपव. चहा रात्री दोननंतर नको. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. पेंगत स्कूटी चालवू नकोस, रिक्षा कर. खोलीला जाड पडदे लाव, दिवसाचा उजेड मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो.

डोळे मिटले की एखाद्या पेशंटचा चेहराच समोर येत असेल, तर बॉडी स्कॅन उघड्या डोळ्यांनी कर, नाहीतर सोडून दे. आठवडेच्या आठवडे असंच चाललं, तर डॉक्टरांना दाखव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे. सिस्टर मंडळी स्वतःसाठी तो फिरवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तू फिरव.

आणि एक. एकटीवर अख्खा वॉर्ड, वर नाइट ऑफ रद्द, यावर श्वास हे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याला, कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. इनचार्जना तोंडी सांगू नकोस. तारीख घालून अर्ज दे, पोच घे. मसुदा मला पाठव, मी बघून देते.

तुझी,
जुनी इनचार्ज