आजीचा शब्द, नातीचा अबोला

न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र आलंय. नावं गाळून मजकूर सांगते. तिची आई, दादरची, सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेली आहे. चौदा वर्षांच्या नातीची एक कृष्णवर्णीय मैत्रीण अभ्यासाला घरी आली होती. ती गेल्यावर आजी म्हणाली, "मैत्री करायला ही निग्रोच भेटली का? आपल्यातलं नाही का कुणी?" नातीचं मराठी यथातथाच, पण तो शब्द तिला बरोबर कळला. आठ दिवस झाले, ती आजीशी बोलत नाही. आईवरही चिडली आहे: "तुम्ही लोक कधीच काही करत नाही." पत्रात दोन प्रश्न आहेत. आईला कसं समजावू? आणि घर म्हणून आम्ही करायचं तरी काय? डिसेंबरात सगळे मुंबईला येणार आहेत.

अगं, आधी शब्दाचं बघू. तुझ्या आईच्या तरुणपणी तो शब्द मराठी वर्तमानपत्रांत सर्रास छापून यायचा. तिच्या कानाला ती शिवी वाटत नाही. हे लेकीला सांग, पण तेवढ्यावर सोडू नकोस. शब्द बदलून 'ब्लॅक' म्हणायला आई आठवड्याभरात शिकेल. दुखणं पुढच्या वाक्यात आहे, 'आपल्यातलं नाही का कुणी'. ते वाक्य काही फक्त म्हाताऱ्या माणसांचं नसतं. तिकडची आपली तिशी-चाळिशीतली मंडळी घर बघताना 'तो एरिया बरा नाही' म्हणतात, किंवा दुकानात कुणी शेजारी उभं असताना मराठीतून 'काळे' म्हणून आवाज खाली आणतात, तेव्हा वेगळं काय म्हणत असतात? समोरच्याला भाषा कळत नाही, सूर कळतो.

मी इथे बसून शहाणपणा शिकवत नाहीये. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एका आफ्रिकन विद्यार्थ्याला भाड्यानं जागा द्यायची की नाही, यावर मीटिंग झाली. कागदपत्रं चोख, डिपॉझिट तयार. नकाराचं कारण कुणी उच्चारलं नाही, 'पुढे त्रास नको' एवढंच. मी तिथे होते. चहा घेतला आणि घरी आले. त्या मुलाला कुठे जागा मिळाली, मला माहीत नाही.

जागेवरून आठवलं. तू लिहिलंयस की बाबांनी दादरचा फ्लॅट तारण ठेवला म्हणून तुझ्या एमएसला कर्ज मिळालं. आईशी बोलायला हीच जागा धर. 'आम्ही मेहनतीनं वर आलो, त्यांना कुणी अडवलंय?' असं ती कधी ना कधी म्हणणारच. तिला विचार, तो फ्लॅट नसता तर? अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेनंच शहरांचे नकाशे रंगवले होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. ज्या सरकारी हमीवर गोऱ्या कुटुंबांनी उपनगरांत घरं घेतली, ती हमी या लोकांना जवळपास मिळालीच नाही. घर विकताना-भाड्यानं देताना भेदभाव करायला देशभर कायद्यानं बंदी आली ती १९६८ साली. तोवर एक पिढी कोरडी गेली होती. साठच्या दशकात घेतलेल्या दोन खोल्यांवर पुढच्या दोन पिढ्या कशा उभ्या राहतात, हे मुंबईच्या माणसाला समजवावं लागत नाही. ज्यांना त्या दोन खोल्या घेऊच दिल्या नाहीत, त्यांच्या नातवंडांचं काय, एवढंच आईला मोजू दे. ती हिशेबाला पक्की असणार.

आणि तुमचं स्वतःचं तिकडे जाणं. १९४६चा कायदा वर्षाला फक्त १०० भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होऊ देत होता. देशवार कोट्याची ती पद्धत १९६५च्या कायद्यानं मोडली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ साली, नागरी हक्कांचा कायदा झाला होता. वंशावरून माणूस नाकारायचा नाही, हे तत्त्व देशात रुजवायला कृष्णवर्णीयांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. तो दरवाजा त्या धक्क्यानं उघडला आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर आत गेले, तेही शिक्षण बघून निवडलेले. सायीवरून दुधाची परीक्षा करायची आणि वर दुसऱ्याला नावं ठेवायची, हे काही बरं नाही.

'त्यांचा आपला संबंध काय' याला मात्र मी थेट मलिक अंबर काढते. हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला माणूस, गुलाम म्हणून विकला गेलेला, तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. दादरच्या आजीला हा दाखला कुठल्याही अमेरिकन पुस्तकापेक्षा लवकर पटेल. जोतीरावांचंही सांग. १८७३ साली 'गुलामगिरी' छापताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. नात्याची सुरुवात तुमच्या व्हिसाच्या कितीतरी आधीची आहे.

डिसेंबरात येताय ना, तर मॉलमध्ये दिवस घालवू नका. गावदेवीला मणिभवन आहे, गांधीजी मुंबईत जिथे राहायचे ते घर. १९५९ साली कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग पत्नीसह भारतात आले, तेव्हा तिथे मुक्कामाला होते. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. ६ डिसेंबरला इथे असाल तर चैत्यभूमीला जा आणि शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर लेकीला मोकळं सोड. आई म्हणेल, त्या दिवशी दादरला फार गर्दी असते. तिला म्हण, तीच बघायला चाललोय. १९७२ साली याच शहरातल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं, हे लेकीला इथेच सांगता येईल. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत त्याची प्रत मागवली होती. पत्रात शब्द तोच, आजीचाच. त्यामागची नजर किती वेगळी असू शकते, हे आजी-नातीनं मिळून वाचावं असं आहे.

एक तयारी ठेव. पोरगी हुशार आहे, ती विचारणार, "मग कास्टचं काय?" तुमच्या मंडळात नवा माणूस आला की आडनाव विचारतात, मग 'मूळचे कुठले' विचारतात, आणि अंदाज लागेपर्यंत गाडी हलत नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभावाला बंदी केली, ती उगाच नाही. तिकडे रंगावर बोलायचं आणि इथे आडनाव चाचपायचं, असं चालणार नाही. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हण.

आता करायचं काय. मोर्चाचा फोटो टाकून काम संपत नाही हे तुलाही कळतं. पैसे द्यायचे तर नियमित द्या, थोडे का होईनात. न्यायालयात वंशभेदाविरुद्धचे खटले लढवणाऱ्या संस्था आहेत, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संस्थेनं सुरू केलेला लीगल डिफेन्स फंड १९४० पासून काम करतोय. तुमच्या कंपन्या अशा देणगीत तेवढीच भर घालतात का, ते एचआरला विचारा. सिटिझन असाल तर शाळा मंडळाच्या निवडणुकीतही मत द्या, नुसतं राष्ट्राध्यक्षांच्या नको. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर मतदार यादीत चुकूनही नाव घालू नका आणि उमेदवाराला पैसेही देऊ नका, दोन्ही बेकायदेशीर आहे. निदर्शनांना जायचं असेल तर अटक झाल्यास व्हिसाचं काय होईल, हे वकिलाला आधी विचारा. भित्रेपणा नाही हा. गावच्या सभेत, शाळेच्या मीटिंगमध्ये उठून बोलायला मात्र तसला कुठलाच अडसर नाही. एखाद्या दिवशी न्यूयॉर्कला जा, हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरचं शॉम्बर्ग सेंटर बघा, कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती जपणारं. ते सार्वजनिक ग्रंथालयाचाच भाग आहे. कोलंबिया विद्यापीठ तिथून जवळच, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. आईलाही न्या, तिला नुसतं टीव्हीसमोर बसवू नका.

अबोल्याचं राहिलं. लेकीला 'जाऊ दे गं, आजी म्हातारी आहे' म्हणू नकोस. तसं म्हटलंस तर दोघींचाही अपमान होतो. आईला एकटीला गाठ, स्वयंपाकघरात, आणि सांग की नातीला लागलंय. माफी तिची तिला मागू दे, तू मध्ये दुभाषी होऊ नकोस. मोडक्या इंग्रजीतून मागितलेली चालेल.

मग त्या मैत्रिणीला पुन्हा बोलाव. काही खास करू नका, आमटी-भात, बटाट्याच्या काचऱ्या. तुझ्या पत्रात आई तिला चार वेळा 'ती मुलगी' म्हणाली आहे. ती यायच्या आधी नातीकडून आजीला तिचं नाव नीट म्हणायला शिकू दे. दोन-तीनदा चुकेल, हसतील दोघी.