रबर स्टॅम्प म्हणण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. राष्ट्रपती म्हणजे नुसता रबर स्टॅम्प, असं तू लेखात ठोकून दिलंयस. खोडून टाक म्हणत नाही, पण छापायला देण्याआधी १९६९चे मे ते ऑगस्ट हे महिने तारीखवार वाचून काढ.

३ मे रोजी झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेणं भागच होतं. इथवर सगळं सरळ. पण गिरींना स्वतःच उभं राहायचं होतं, तेही अपक्ष! आता राज्यघटना उघडून बघ. राष्ट्रपतीनं राजीनामा द्यायचा उपराष्ट्रपतीकडे, उपराष्ट्रपतीनं राष्ट्रपतीकडे, आणि इथे दोन्ही कामं एकाच माणसाकडे. दोन्ही पदं रिकामी झाली तर पुढे कोण, हेही घटनेत लिहिलेलं नव्हतं. संसदेनं मे महिन्यातच तसा कायदा केला, म्हणून २० जुलैला सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती होऊ शकले.

त्याच्या आदल्याच दिवशी गिरींनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली होती. नियमाला धरून होतं सगळं. मला मात्र ती घाई आजही खटकते.

मतमोजणीचे आकडे सावकाश वाच. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिरा गांधींनीच पुढे सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हटलं. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. जिंकायला मतमूल्य, म्हणजे खासदार-आमदारांच्या मतांच्या ठरलेल्या वजनांची बेरीज, हवं होतं ४,१८,१६९; हाच कोटा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८. कोटा कोणीच गाठला नाही. मग बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्यातला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी शेवट ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या जेमतेम दोन हजार पुढे! नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. नुसत्या शिक्क्यासाठी एवढी मारामारी कोण करतं, सांग बरं?

आणखी एक कर. त्या बँकांच्या कागदांवरच्या सह्या ओळीनं लाव. जुलैच्या अध्यादेशावर गिरी, ऑगस्टच्या कायद्यावर हिदायतुल्ला. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९७०मध्ये रद्द केला, चार दिवसांत नवा अध्यादेश निघाला, आणि त्यावर सही पुन्हा गिरींची. लेखाचा नवा खर्डा मला पाठव.

तुझा,
काका