घराची जमीन आणि जवसाचे लिनोलियम

प्रश्न : आमच्या जुन्या घराचा कोबा जागोजागी फुटला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि धाकटा मुलगा अजून रांगतो, म्हणून टाइल्स बसवायला मन धजत नाही. तालुक्याच्या दुकानात ‘लिनोलियम’ म्हणून गुंडाळीतून कापून देतात, ते घ्यावे का? जवसाच्या तेलापासून बनणारे लिनोलियम वेगळे असते, असे ऐकले आहे. — एक भगिनी, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : दुकानात गुंडाळीतून स्वस्तात मिळते ते बहुधा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक असते. खरे लिनोलियम आपल्या शेतात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचे. दारे-खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा उघडा राहिला की वर चिवट साय धरते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तशीच साय पाहून फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने 1863 मध्ये लिनोलियमचे पेटंट घेतले. हवेने घट्ट झालेले जवसाचे तेल आणि पाइनची राळ एकत्र शिजवून त्यात लाकडाचा भुसा, कॉर्कची भुकटी, चुनखडीची पूड व रंग मळतात, तो लगदा तागाच्या कापडावर रुळांखाली दाबतात आणि ते तक्ते उबदार खोल्यांत कित्येक दिवस टांगून पक्के करतात.

याचा घरातला लाभ असा की, पायाखाली ते फरशीपेक्षा किंचित मऊ लागते आणि थंडीत गार पडत नाही. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला व रांगत्या बाळाला हे सोयीचे आहे. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळतात ती रसायने यात नसतात. चुलीतला निखारा पडलाच तर प्लास्टिक वितळते, लिनोलियमवर मात्र केवळ डाग पडतो. एकरंगी वा संगमरवरी छटेच्या तक्त्यात रंग आरपार असल्याने झिजले तरी नक्षी उडत नाही, आणि नीट बसवलेली जमीन पंचवीस ते चाळीस वर्षे टिकते. उन्हाळ्यात शहाबादी फरशीसारखा गारवा मात्र त्यात मिळणार नाही. आपल्याकडचा मे महिना पाहता हे आधीच जाणून घेतलेले बरे.

खरी अडचण ओलीची आहे. काळ्या मातीवरच्या जुन्या घरांत पावसाळ्यात जमिनीतून ओल वर चढते, आणि ती तागाच्या अस्तराला कुजवते. म्हणून खरेदीआधी जाड पॉलिथिनचा हातभर तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन-तीन दिवस ठेवावा; खालून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर आधी ओल अडवणारा थर घालून घ्यावा, त्यात काटकसर करू नये. न्हाणीघरात हे मुळीच बसवू नये. तक्ता पारखताना पाठ पाहावी : खऱ्या लिनोलियमला तागाचे विणलेले अस्तर आणि जवसाच्या तेलाचा वास असतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयात लिनोलियम घातले आहे. ते सोड्याने धुतले तर चालेल का? — एक वाचक, भंडारा

उत्तर : कृपया धुऊ नका. धुण्याचा सोडा व तीव्र साबण क्षारयुक्त असतात आणि तेलाचा बांधा मोडतात, त्यामुळे पृष्ठभाग निस्तेज व ठिसूळ होतो. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, डाग असल्यास सौम्य साबणाचे थोडे पाणी घ्यावे. कपाटाखालचा भाग पिवळसर दिसला तर घाबरू नका. उजेड मिळाला की तो पिवळेपणा सहसा निघून जातो.

प्रश्न : घरी जवस आहे. घाण्याचे तेल थेट जमिनीवर लावले तर? — एक शेतकरी, चंद्रपूर

उत्तर : सिमेंटवर लावू नये, वर सांगितलेल्या क्षाराच्याच कारणाने नव्या सिमेंटवर तेलाचा साबण होतो. सागाच्या लाकडावर मात्र तेलाचा पातळ हात देऊन, उरलेले फडक्याने लगेच पुसून काढावे आणि काही दिवस वाळू द्यावे. एक गोष्ट आवर्जून सांगतो : तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती ढिगात कोंडली की चिंध्या आपोआप पेटतात, आणि वैशाखातल्या बंद खोलीत हा धोका अधिक असतो. त्या अंगणात एकेक करून पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात.