नाव जाहीर झालं, तरी राजदूत अजून 'नियुक्त'च का?

प्रश्न असा आहे : भारताच्या नव्या राजदूतांचं नाव चार महिन्यांपूर्वी जाहीर झालं, दूतावासात मात्र अजून प्रभारी दूतच काम बघताहेत. मग इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं निमंत्रण कुणाच्या नावे काढायचं?

यात कुणी दिरंगाई करतंय असं समजू नका. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचे नियम ठरवणाऱ्या 1961 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे नाव जाहीर होणं आणि राजदूत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कलम 4 नुसार आधी यजमान देशाची संमती लागते. ती गुपचूप मागतात, कारण नकाराचं कारण सांगायला तो देश बांधील नसतो. बहुतेकदा तर 'नाही' असं लेखी येतही नाही, नुसतं उत्तर येत नाही. इस्रायलने 2015 मध्ये ब्राझीलसाठी दानी दायान यांचं नाव संमतीआधीच जाहीर केलं. ते वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींच्या संघटनेचे माजी प्रमुख. ब्राझील महिनोन्महिने गप्प राहिला आणि 2016 मध्ये इस्रायलला त्यांना न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत म्हणून पाठवावं लागलं. नाव आधी फोडलं की दोन्ही देशांना माघार घेणं अवघड होतं, ते असं.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकात 'लवकरच पदभार स्वीकारतील' असं एक ठरलेलं वाक्य असतं. त्यानंतर जुन्या जागेवरून सुटका, प्रवास, आणि मग खरा टप्पा : अधिकारपत्र. हे आपल्या राष्ट्रपतींनी तिथल्या राष्ट्रप्रमुखांना लिहिलेलं पत्र असतं. आमच्या वतीने हे जे बोलतील त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा, एवढाच त्याचा गाभा. मूळ पत्र मोहोरबंद असतं, म्हणून सोबत उघडी नक्कल देतात. पोहोचल्यावर ती नक्कल तिथल्या परराष्ट्र खात्याकडे जाते. मूळ पत्र राष्ट्रप्रमुखांच्या हाती द्यायचं, आधीच्या राजदूतांच्या परतबोलावणीच्या पत्रासह.

काम नेमकं कधी सुरू झालं म्हणायचं? कलम 13 दोन पर्याय देतं : आगमन कळवून नक्कल दिली तेव्हा, किंवा मूळ पत्र सादर केलं तेव्हा. कुठलाही धरा, पण सगळ्या देशांना नियम एकच लावायचा. दुसरा पर्याय मानणाऱ्या देशांत बरीच रखडपट्टी होते, कारण चार-पाच नवे राजदूत जमेपर्यंत समारंभाची तारीखच निघत नाही. पत्र सादर करण्याचा क्रम पोहोचल्याच्या तारखेवर आणि वेळेवर ठरतो, त्यामुळे विमान कधी उतरलं याचीही नोंद महत्त्वाची.

एकाच राजदूताकडे अनेक देश असले तर प्रत्येक ठिकाणी हे सगळं वेगळं. फिजीतल्या सुवा इथल्या भारतीय उच्चायुक्तांकडे टोंगा आणि तुवालूही आहेत, तिथेही पत्र द्यावंच लागतं. (राष्ट्रकुल देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, दर्जा तोच.)

पासपोर्ट, व्हिसा, दाखले यांपैकी काहीही अडत नाही, ते दूतावासाचा वाणिज्यदूत (कॉन्सुलर) विभाग बघतो. निमंत्रणाचं म्हणाल तर आधी दूतावासाला फोन करून अधिकारपत्र सादर झालं का ते विचारा. झालं नसेल तर नियुक्त राजदूत जाहीर कार्यक्रम सहसा टाळतात. अशा वेळी निमंत्रण प्रभारी दूतांच्या नावे काढा, आणि पत्रिका छापखान्यात देण्याआधी एकदा पुन्हा विचारा. मधल्या आठवड्यात समारंभ उरकला तर हुद्दा बदललेला असतो.